श्वासांची मोजणी

पावसाळ्यातील संध्याकाळ. खेड्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात एक माता आपले आठ महिन्यांचे बालक घेऊन येते. बालकाला दोन दिवसांपासून खोकला आहे, अंग तापले आहे आणि श्वास भरभर चालला आहे. डॉक्टर बालकाला आईच्या मांडीवरच राहू देतात, त्याचे अंगडे हलकेच वर सारतात आणि खिशातून मोबाइल काढतात. 'मूल इकडे तळमळत आहे आणि यांचे लक्ष मोबाइलकडे!' असे त्या मातेला वाटले, तर त्यात नवल नाही. परंतु डॉक्टरांची दृष्टी मोबाइलवर नसते. ती बालकाच्या छातीवर खिळलेली असते. छाती वर उचलली गेली, की त्यांचा अंगठा पडद्याला स्पर्श करतो. ते बालकाचे श्वास मोजत असतात.

श्वास मोजण्याला एवढे महत्त्व का? न्यूमोनिया या रोगात फुप्फुसांतील सूक्ष्म वायुकोशांत पू व द्रव साचतो. रक्ताला पुरेसा प्राणवायू मिळेनासा होतो. ती उणीव भरून काढण्यासाठी शरीर अधिक वेगाने श्वास घेऊ लागते. लहान बालकाला आपले दुखणे सांगता येत नाही. त्याचा श्वासच ते सांगतो. मात्र बालकाचा श्वास मोठ्या माणसापेक्षा मुळातच जलद असतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने वयानुसार मर्यादा ठरवून दिल्या आहेत. खोकला झालेल्या बालकाचे वय दोन महिन्यांपेक्षा कमी असेल, तर मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास हे धोक्याचे चिन्ह समजले जाते.

हे काम सोपे वाटते. पण एक नजर घड्याळावर आणि दुसरी चुळबुळणाऱ्या बालकावर ठेवून अचूक मोजणे कठीणच. या अडचणीवर महाराष्ट्रातच एक सुंदर तोडगा निघाला होता. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात काम करू लागले. तेथील गावांत न्यूमोनियाने अनेक बालके दगावत होती आणि डॉक्टर तर कोसो दूर. गावातील दायांना अक्षरओळख नव्हती. परंतु दहापर्यंत मोजता येत होते. त्यांच्यासाठी बंग दांपत्याने एक श्वासमापक तयार केला. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी होत्या. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वीच तांबडा मणी सरकवण्याची वेळ आली, तर रोगाची शंका घ्यायची. अगदी तान्ह्या बालकांसाठी ओळ निराळी होती. गावातील माणसांनीच रोग ओळखून औषध दिल्यास बालमृत्यू कमी होतात, हे त्यांच्या कार्याने सिद्ध झाले. त्याचा वृत्तांत १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मोबाइलमधील ॲप म्हणजे त्या मण्यांचे नवे रूपच होय. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी असे एक ॲप तयार केले आहे. प्रत्येक श्वासाला पडद्यावर बोट टेकवायचे. दोन स्पर्शांमध्ये एक सेकंदाचे अंतर असेल, तर मिनिटाला ६० श्वास; दीड सेकंदाचे असेल, तर ४०. हा हिशोब ॲप क्षणात करते. मग त्याच वेगाने श्वास घेणाऱ्या बाळाचे चित्र पडद्यावर दिसते. ते समोरच्या बालकाशी जुळते की नाही, हे डॉक्टर पडताळून पाहतात.

औषधाची मात्रा काढण्यासही ॲपचे साहाय्य होते. बालकांचे औषध वजनावर ठरते. समजा, तापाच्या औषधाची मात्रा दर किलोग्रॅमला १५ मिलिग्रॅम आहे आणि बालकाचे वजन ८ किलोग्रॅम आहे. म्हणजे १२० मिलिग्रॅम औषध हवे. एका बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असते, तर दुसरीत तेवढ्याच द्रवात २५० मिलिग्रॅम. बाटली न पाहता चमचा भरला, तर मात्रा दुपटीहून अधिक होते! म्हणून हा हिशोब डॉक्टरांनीच करावा लागतो. रुग्णांची रीघ लागलेली असताना ॲपमुळे त्यातील चुका टळण्यास मदत होते.

परंतु ॲपला स्वतःची समज नसते. घाईत वजन ८ ऐवजी ८० लिहिले गेले, तर केवळ हिशोब करणारे ॲप दसपट मात्रा निमूटपणे सांगेल. बालक रडत असेल, तर श्वास वाढलेलाच असतो; शांत झाल्यावरच तो मोजायचा असतो, हे जाणत्या माणसाला ठाऊक हवे. शिवाय कोणीही तयार केलेले प्रत्येक ॲप विश्वासार्ह नसते. त्याची कसोटी कोणी घेतली आहे, हे डॉक्टरांनी पाहावयाचे असते. रुग्णाची माहिती इतरांच्या हाती पडू नये, ही जबाबदारीही त्यांचीच असते.

आरोग्य केंद्रात मोबाइलवर ५८ हा आकडा उमटतो. डॉक्टर मोबाइल बाजूला ठेवतात. श्वास आत घेताना बालकाच्या छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का, हे ते निरखतात. ते आईला बालकाला दूध पाजावयास सांगतात. बालक दूध पिऊ लागते. छातीही आत ओढली जात नाही. त्याला दूरच्या रुग्णालयात नेण्याची आवश्यकता नाही. न्यूमोनियावरील औषध वेळेवर सुरू होते. कोणती लक्षणे दिसताच बालकाला तत्काळ परत आणायचे, हे डॉक्टर आईला दोनदा समजावतात आणि तिच्याकडून वदवून घेतात.

आकडा मोबाइलने सांगितला. त्या आकड्याचा अर्थ मात्र बालकाकडे पाहणाऱ्या डोळ्यांनी लावला.