अर्ध्यावर ठेवता येणारं काम : गोधडी, घर आणि मैत्री

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका तरुण मुलीने मला दाराशी गाठलं. म्हणाली, "मॅडम, मला हाताने काही ना काही करायला आवडतं. विणते, भरतकाम करते. पण नोकरी, मुलगा, सासूबाईंचं पथ्यपाणी, यातून सलग वेळ म्हणून मिळतच नाही. असं तुकड्यातुकड्यांनी करण्यात काही अर्थ आहे का?" मी म्हटलं, याचं उत्तर असं उभ्याउभ्या देता यायचं नाही. म्हणून आजचा विषय तिचाच घेतला आहे. ती आज आली आहे की नाही, मला ठाऊक नाही. नसेल तर निदान नंतर ऐकेल किंवा वाचेल.

मी बोलणार आहे ते गोधडीविषयी. कारण हातकामातलं मला जे काही थोडंफार येतं ते एवढंच, आणि तेही निवृत्त झाल्यावर शिकले.

गोधडी तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. आमच्या सातारा-कोल्हापूरकडे वाकळ म्हणतात, बाळासाठी केली की ते दुपटं. कर्नाटकात कौदी, बंगालमध्ये कांथा. माझी आई वाकळ कशी घालायची ते सांगते. जुनं सुती लुगडं दुमडून जमिनीवर अंथरायचं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, त्यामुळे एका लुगड्यात खालचा आणि वरचा असे दोन्ही थर निघायचे. मधे फाटकी धोतरं, सदरे, पोलकी, जे असेल ते पसरायचं. सुरकुती राहता कामा नये. मग वरचा थर, चारी कोपऱ्यांवर वजनाला काहीतरी, आधी मोठे कच्चे टाके आणि त्यानंतर काठापासून आत, गोल गोल फिरत धावदोरा. शेवटचा टाका मधोमध.

हे काम आई एकटी करत नसे. दुपारची जेवणं उरकली, भांडी झाली, की सोप्यात चारपाच जणी जमायच्या. थोरली काकू, शेजारची मावशी, कोणाची तरी नवी सून. ज्या बाजूला जी बसली ती बाजू तिची. एकीकडे बोलणं चाललेलं असायचं, आणि ते बोलणं म्हणजे काही भजन नव्हतं बरं का! (हशा) कोणाच्या घरी काय झालं, कोणाला माहेरी पाठवलं नाही, कोणाचं दुखणं लपवून ठेवलंय, सगळं तिथे निघायचं.

मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली. आई म्हणायची, "ये गं, दोन टाके घाल." मी म्हणायची, "मला अभ्यास आहे." पुढे पुण्याला आले, एम.ए. केलं, पीएच.डी. केली. त्या काळात व्हर्जिनिया वुल्फ यांचं 1929 सालचं पुस्तक माझ्या हाती आलं, 'अ रूम ऑफ वन्स ओन'. स्त्रीला लिहायचं असेल तर स्वतःचा पैसा हवा आणि स्वतःची खोली हवी, असं त्या सांगतात. बैठकीच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्यांत बसून लिहिणाऱ्या बायकांचं लक्ष सतत कसं मोडत असे, तेही सांगतात. मला ते इतकं पटलं की माझ्या मनात दोन चित्रं तयार झाली. एकीकडे दार लावून घेतलेली खोली, तिथे विचार होतो. दुसरीकडे आईचा सोपा, तिथे वेळ जातो. वुल्फ यांनी असं कुठे म्हटलेलं नाही. तो निष्कर्ष माझा, आणि तो चुकीचा होता.

का चुकीचा, ते आता बघू. 1970 साली ज्युडिथ ब्राउन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी एक छोटा निबंध लिहिला. प्रश्न साधा होता. निरनिराळ्या समाजांत बायकांकडे विशिष्ट कामंच का येतात? त्यांचं उत्तर असं, की लहान मुलं सांभाळत जी करता येतात ती. म्हणजे ज्यात अगदी एकचित्त व्हावं लागत नाही, जी मध्येच सोडून पुन्हा सहज धरता येतात, ज्यात जवळच्या मुलाला धोका नाही आणि ज्यासाठी घरापासून लांब जावं लागत नाही. पुढे 1994 मध्ये एलिझाबेथ वेलँड बार्बर यांनी याच धाग्यावरून असं मांडलं, की सूत आणि कापड हे हजारो वर्षं बायकांचं काम राहिलं ते यामुळे.

धावदोरा या अटींवर तपासून पाहा. दूध उतू जायला लागलं, बाळ रडलं, दारात कोणी आलं, तर सुई कापडात टोचायची आणि उठायचं. तासाने या, नाहीतर चार दिवसांनी या, सुई तिथेच असते. काही बिघडलेलं नसतं. फिरत्या चाकावरचं मडकं असं सोडून उठता येत नाही. म्हणजे मला जे वाटत होतं, की सलग वेळ नाही म्हणून आईचं काम खालच्या दर्जाचं, ते उलटं होतं. मोडणारा वेळ गृहीत धरूनच या कामाची रीत पिढ्यान् पिढ्या घडत आली होती. अर्ध्यावर ठेवता येणं हा त्या कामाचा गुण आहे.

पण इथे थांबून एक सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई गोड गोड बोलून गेल्या. आईच्या वेळेचे तुकडे आईने केले नव्हते. ते बाकीच्यांनी केले होते, त्यात मीही आले. चहा हवा, पोस्टमन आला, अमुक कुठे ठेवलंय. कोणी कधी विचारलं नाही की तुझी ओळ पुरी होऊ दे का. तेव्हा ज्या मुलीने प्रश्न विचारला तिला माझ्या उत्तराचा पहिला भाग असा : तुकड्यातुकड्यांनी केलेल्या कामाला पूर्ण अर्थ आहे. पण वेळेचे तुकडे कोण करतंय, आणि दर वेळी उठायचं ते तूच का, हा प्रश्न वेगळा आहे. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसरा सोडू नकोस.

आता कुटुंब या कामात कसं येतं ते पाहू. आर. जी. कॉलिंगवुड हे इंग्रज तत्त्वज्ञ. 1938 च्या 'द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट' या ग्रंथात ते कारागिरी आणि कला वेगळ्या करतात. कारागिरीत काय करायचं हे आधी ठरलेलं असतं, आराखडा आधी आणि कृती नंतर. कलेत तसं नसतं. मी हे बरीच वर्षं शिकवलं. फळ्यावर दोन रकाने काढायचे आणि शिकवायचं! (हशा) गोधडी मात्र या रकान्यांत नीट बसत नाही. लांबीरुंदी ठरलेली असते, हे खरं. पण मधे काय येणार, कोणता रंग कुठे, हे घरात कोणाचं काय फाटलं यावर असतं. आमच्या बुधवारच्या मंडळात, त्याबद्दल सांगतेच, एका मैत्रिणीने वारलेल्या यजमानांचे दोन सदरे आणले. ते वर दिसावेत की आत जावेत, यावर तासभर बोलणं झालं. शेवटी ती म्हणाली, "आत राहू देत, मला माहीत असलं की झालं." आता हा आराखडा की कृती? कॉलिंगवुड यांना विचारायला हवं होतं.

तर बुधवारचं मंडळ. निवृत्तीनंतर आम्ही चौघी मैत्रिणी दर बुधवारी दुपारी माझ्याकडे जमायला लागलो. आई गेली होती. गोधडी मी तिच्याकडून शिकले नाही, तिच्या जुन्या वाकळी उलटसुलट करून पाहत शिकले. एकीच्या मुलीला बाळ व्हायचं होतं म्हणून आम्ही दुपटं घ्यायचं ठरवलं. चौघींतल्या एकीचा हात अलीकडे थरथरतो. तिचे टाके लांब आणि वाकडे पडायला लागले. मला ते बघवेना. तुम्ही म्हणाल नुसती हौस, पण कारणही होतं. लांब सुटा टाका असला की बाळाची बोटं त्यात अडकतात. मी काय केलं, तर त्या रात्री एकटीने बसून तिची दीड ओळ उसवली आणि पुन्हा घातली. अगदी तिच्या दोऱ्याने, कळू नये म्हणून.

पुढच्या बुधवारी तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं. काही बोलली नाही. चहा घेतला आणि गेली. त्यानंतर दोन महिने आली नाही.

मी तिच्या घरी गेले तेव्हा ती म्हणाली, "टाका वाकडा होता हे मला दिसत होतं गं. पण तू मला न विचारता त्यातून मलाच काढून टाकलंस."

आयुष्यभर मी ॲरिस्टॉटल शिकवला. तो दोन प्रकारच्या कृतींमध्ये फरक करतो. एक घडवणं, ज्याचं साध्य कृतीबाहेर असतं : घर, जोडा, दुपटं. दुसरं वागणं, ज्यात नीट वागणं हेच साध्य असतं. परीक्षेत हा प्रश्न हमखास असायचा. आणि तरी मी बुधवारची दुपार नुसती घडवण्यात जमा केली. वस्तू चांगली झाली की काम चांगलं झालं, असं धरून चालले. त्या दुपारी आम्ही दोन्ही करत होतो. दुपटं घडवत होतो आणि एकमेकींशी वागत होतो. मी एक नीट करायला गेले आणि दुसरं बिघडवलं.

गंमत बघा, हाच ॲरिस्टॉटल मैत्रीवर बोलताना म्हणतो, की मित्रांना जे सर्वांत प्रिय असतं ते ते एकत्र करतात. कोणी एकत्र पितात, कोणी फासे खेळतात, कोणी व्यायाम आणि शिकार करतात, कोणी तत्त्वज्ञान करतात. यादीत शिवण नाही. त्याच्या घरातल्या बायका आत सूत काढत, कापड विणत बसलेल्या असणार, पण ती मैत्री त्याला दिसली नाही. मी त्याला हसणार नाही, कारण मलाही सोप्यात बसून दिसली नव्हती.

आपल्याकडे मात्र एक जुनं उदाहरण आहे. बौद्ध भिक्खूच्या परंपरेने सांगितलेल्या आठ वस्तूंमध्ये चीवर, भिक्षापात्र यांच्याबरोबर सुई आहे. घर सोडलेल्या माणसालाही सुई सोडता आली नाही! विनयात अशी कथा आहे, की बुद्धाने मगधातली बांध घातलेली शेतं पाहिली आणि आनंदाला तशा तुकड्यांचं चीवर करायला सांगितलं. वर्षावास संपला की कठिन चीवराचा विधी. संघाला कापड मिळतं, ते त्याच दिवशी भिक्खूंनी मिळून कापायचं, शिवायचं, रंगवायचं आणि एका भिक्खूला द्यायचं. महाराष्ट्रातल्या विहारांमध्ये कठिन चीवरदानाचा कार्यक्रम आजही होतो. यात चीवर कोणी एकटा रात्री गुपचूप पुरं करत नाही, हे लक्षात घ्या. मिळून करणं हा विधीचा भाग आहे.

मग वाकड्या टाक्याचं करायचं काय? सगळं चालतं असं म्हणायचं? नाही. बाळाची बोटं अडकतात ती अडकतातच. याचं उत्तर मला आईच्या वाकळींत सापडलं. त्या उलटून पाहताना एक गोष्ट दर वेळी दिसायची, तिचा अर्थ मात्र उशिरा लागला. काठाच्या ओळी बारीक, घट्ट, एकसारख्या. मधल्या ओळी कुठे लांब, कुठे तिरक्या. मग आठवलं. नवी सून आली की आई तिला काठावर बसवत नसे. ताण काठावर येतो, तिथे पक्का हात लागतो. "तू आतल्या ओळी घे," म्हणायची. आणि आतली ओळ वाकडी गेली तरी उसवायची नाही. सुनेसमोरच शेजारून दुसरी ओळ घालायची, म्हणजे कापड धरलं जातं. कच्च्या हाताला जागा आणि वस्तूला बळकटी, दोन्ही. हे कोणी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. मी पुस्तक घेऊन तीन हातांवर बसले होते.

मैत्रीण पुन्हा येऊ लागली. माफी मागितली, पण माफीपेक्षा तिला आतल्या ओळी देणं जास्त उपयोगी पडलं. सुटलेल्या टाक्याशेजारी मी टाका घालते तो तिच्यासमोर, तिला सांगून. कधी ती म्हणते, "असू दे," आणि मग असू देते. दुपटं पुरं झालं तेव्हा बाळ बसायला लागलं होतं. (हशा) उशीर झाला, पण वापरात आहे.

तेव्हा त्या मुलीला उत्तराचा दुसरा भाग सांगते आणि थांबते. सलग वेळेची वाट पाहू नकोस, ती माझ्यासारखी निवृत्तीपर्यंत पाहावी लागेल, आणि तोवर शिकवणारी माणसं राहत नाहीत. अर्ध्यावर ठेवता येईल असं काम निवड. ते जमलं तर चारचौघांत बसून कर. दुसऱ्याचा हात आपल्यापेक्षा कच्चा असेल तर त्याला देण्यासारखी ओळ कोणती, ते आधी शोध. आणि घरात कोणी "ये, दोन टाके घाल" म्हणत असेल, तर अभ्यास नंतर कर. अभ्यास कुठे जात नाही.