मीठ अडले, विमाने उतरली

धाराशिव जिल्ह्यात १९४७-४८ ची आठवण निघाली की दोन शब्द हमखास येतात : रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे सशस्त्र स्वयंसेवक, आणि पोलीस ॲक्शन, म्हणजे सप्टेंबर १९४८ ची भारतीय लष्करी कारवाई. दर १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदनानंतरची भाषणेही याच दोन टप्प्यांवरून जातात. या दोहोंच्या मधला एक मोठा काळ मात्र सांगण्यातून गळाला आहे. स्वतंत्र भारत आणि निजामाचे हैदराबाद यांच्यात माल, इंधन, औषधे आणि पैसा अडवण्याची लढाई त्या काळात महिनोन्‌महिने चालली होती, आणि हा जिल्हा नेमका तिच्या काठावर होता. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात तिला आर्थिक नाकेबंदी म्हणून एखादे वाक्य मिळते. मला ते अपुरे वाटते.

आधी नकाशा पाहावा लागतो. हैदराबाद संस्थान सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे, वस्ती दीड कोटीहून जास्त, आणि समुद्र कुठेच नाही. चहूकडून भारताच्या जमिनीने वेढलेले ते एक बेटच होते. निजामालाही ही अडचण ठाऊक होती. संस्थानाला स्वतःचे बंदर मिळावे म्हणून पोर्तुगिजांकडून मार्मागोवा मिळवण्याचे प्रयत्न त्याच्या बाजूने झाले होते. ते फळाला आले नाहीत. या बेटाच्या पश्चिम काठावर तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा. लातूरही त्यातच होते, ते १९८२ साली वेगळे झाले. परंडा, भूम, कळंब, धाराशिव, तुळजापूर, उमरगा या पट्ट्याला लागून मुंबई प्रांताचा सोलापूर जिल्हा. सीमा सरळ नव्हतीच. बार्शी तालुका पाचरीसारखा निजामी मुलखात घुसलेला, आणि सोलापूर-बार्शी रस्त्यावरचे नान्नज मात्र निजामाचे. म्हणजे सोलापूरहून बार्शीला निघालेला माणूस वाटेत दुसऱ्या राज्यातून जाऊन परत आपल्या राज्यात यायचा.

अशा सीमेवर लोक कसे जगत होते? दोन्हीकडे हात ठेवून. निजामी मुलखात हाली शिक्का चाले, पलीकडे भारतीय कलदार रुपया. सहा कलदार रुपयांना सात हाली हा हिशेब सीमेवरच्या बाजारकऱ्याला तोंडपाठ असे. हद्द ओलांडताना करोडगिरी नाक्यावर जकात भरायची. तरीही व्यापाराचे तोंड पश्चिमेलाच होते. कुर्डुवाडीहून बार्शी, येडशी, तडवळे, ढोकी करत १९११ मध्ये लातूरला पोचलेली बार्शी लाइट रेल्वे ही या भागाची धमनी. अडीच फुटी रुळांवरची ती लहान गाडी निघायची निजामी मुलखातल्या लातूरहून आणि मोठ्या रेल्वेला मिळायची मुंबई प्रांतातल्या कुर्डुवाडीला. लातूरच्या मोंढ्यातला शेतमाल याच वाटेने मुंबईकडे जाई. तुळजाभवानीचे भक्तही सोलापूरकडून नाका ओलांडून येत. सोयरीक दोन्हीकडे, देणेघेणे दोन्हीकडे. हैदराबाद शहर राजधानी खरे, पण बार्शी आणि सोलापूर जवळचे.

१५ ऑगस्ट १९४७ नंतर हीच जवळीक अडचणीची झाली. निजामाने सामील होण्यास नकार दिला. बरीच बोलणी होऊन २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एक वर्षाचा जैसे थे करार झाला. शाई वाळते न वाळते तोच हैदराबाद सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातूंची निर्यात बंद केली, दुसऱ्याने भारतीय चलन संस्थानात कायदेशीर चलन म्हणून नाकारले. शिवाय पाकिस्तानला वीस कोटींचे कर्ज भारत सरकारच्या रोख्यांतून दिल्याचे उघड झाले. दिल्लीला हा करारभंग वाटला, आणि तो होताच. पण चलनाच्या वटहुकमाची पहिली झळ कुणाला लागली असेल ते पाहा. दिल्लीला लागण्याआधी ती बार्शीच्या अडतीवर माल घालून कलदारात पैसे घेऊन येणाऱ्या कळंब-परंड्याच्या शेतकऱ्याला लागणार. पहिली अडवणूक इथल्याच, म्हणजे निजामाच्या सरकारकडून झाली, हे नाकेबंदीचा इतिहास सांगताना विसरून चालणार नाही.

मग दुसऱ्या बाजूने आवळायला सुरुवात झाली. आधी शस्त्रे आणि दारूगोळा, मग पेट्रोल, मोटारींचे सुटे भाग, यंत्रसामग्री. १९४८ च्या उन्हाळ्यापर्यंत मीठ, औषधे आणि पाणी शुद्ध करायचे क्लोरीनसुद्धा अडवले जात असल्याची तक्रार हैदराबाद सरकार जगापुढे मांडू लागले. भारत सरकारची भूमिका अशी की आम्ही आर्थिक नाकेबंदी जाहीर केलेलीच नाही, फक्त युद्धोपयोगी माल थांबवला आहे, बाकी काही घडत असेल तर ते सीमेवर, प्रांतांच्या पातळीवर. या खुलाशात अर्धे सत्य होते. सीमेवरचा अंमलदार, तिथले पोलीस आणि रझाकारांच्या बातम्यांनी पेटलेली जनता यांनी मिळून माल रोखला की वेगळा हुकूम लागत नाही. पण वरून कुणी तो सोडवायलाही धावले नाही.

संस्थान अगदीच परावलंबी नव्हते. कोळसा सिंगरेणीचा, सिमेंट शहाबादचे, साखर बोधनची, कापडाच्या गिरण्या नांदेड-गुलबर्गा-औरंगाबादला. ज्वारी तर उस्मानाबाद जिल्हा स्वतःच पिकवत होता. नव्हते ते मीठ, कारण समुद्र नव्हता. पेट्रोल आणि घासलेट नव्हते. बरीचशी औषधे बाहेरून यायची. म्हणजे जे थांबले ते नेमके गरिबाच्या घरात सर्वांत आधी जाणवणारे. श्रीमंताकडे साठा असतो, हातावर पोट असणारा रोजच्या रोज पैशा-दोन पैशांचे मीठ आणि बाटलीभर घासलेट आणतो. त्याची भाकरी अळणी होते आणि घरात अंधार होतो.

आतून दुसरा फास होताच. लेव्हीच्या नावाखाली धान्य उचलले जात होते. रझाकारांची दहशत वाढत होती, आणि त्यांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचाच वकील, म्हणजे याच जिल्ह्यातला. निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. त्यांच्या स्टेट काँग्रेसच्या कृतिसमितीने सीमेवर छावण्या उभारून लढा चालवला होता आणि तिच्या कार्यक्रमात करोडगिरी नाके उद्ध्वस्त करणे, लेव्हीला विरोध करणे, शिंदीची झाडे तोडणे हे सगळे होते. सरकारचे उत्पन्न तोडायचे हा त्यामागचा विचार. तो योग्यच होता असे मी मानतो. हजारो कुटुंबे गावे सोडून बार्शी-सोलापूरकडे निसटली. मागे राहिले त्यांच्यावर तिहेरी ओझे आले. धान्य लेव्हीत जाणार, मीठ-घासलेट सीमेवर अडणार, आणि रात्री रझाकार येतील ही धास्ती. यात हिंदू शेतकरी होता, दलित शेतमजूर होता, आणि रझाकारीशी काही संबंध नसलेला गरीब मुसलमान विणकर, पिंजारी, टांगेवालाही होता. टंचाईने धर्म विचारला नाही.

आता या मागोव्यातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट. नाकेबंदीचा जाहीर हेतू काय होता? शस्त्रे थांबवणे. आणि शस्त्रेच थांबली नाहीत. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री उड्डाणे करून शस्त्रास्त्रे बिदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरवत राहिला. बिदर आपल्या उमरग्याच्या पूर्वेला, फार दूर नाही. ज्याच्याकडे पैसा आणि विमान होते त्याच्या वाटेत नाका आलाच नाही. नाका आला तो बैलगाडीच्या वाटेत. बंदुका आभाळातून येत होत्या आणि मीठ जमिनीवर अडत होते. निजामाचे राज्य संपायलाच हवे होते आणि या भागाने भारतात यायलाच हवे होते, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण त्या ध्येयासाठी वापरलेल्या या साधनाने कुणाला वाकवले, ते तपासायला हवे. रझवी वाकला नाही. पंतप्रधान मीर लायक अली वाकला नाही. उलट नाकेबंदी हे त्यांना प्रचाराचे साधन मिळाले.

जून १९४८ मध्ये गव्हर्नर जनरल माउंटबॅटन यांच्या मध्यस्थीची बोलणी फिसकटली आणि ते मायदेशी गेले. त्यानंतर फास आणखी आवळला. जुलैच्या अखेरीस नान्नजजवळ भारतीय लष्कराच्या वाहनांवर हल्ला झाला आणि लष्कराने ते गाव ताब्यात घेतले. ऑगस्टमध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. परिषदेत ती १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये चर्चेला आली, तेव्हा इकडे सगळे संपत आले होते. १३ सप्टेंबरच्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या तुकड्या सोलापूर-हैदराबाद रस्त्याने शिरल्या. पहिला मुक्काम नळदुर्ग. बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधीच हाती आला. मग तुळजापूर, उमरगा. १७ तारखेला निजामाने हार मानली. जे महिनोन्‌महिने नाक्यावर झाले नाही ते पाच दिवसांत रणगाड्यांनी केले.

पुढचे लिहिताना हात जड होतो, पण गाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. पोलीस ॲक्शननंतर जिल्ह्यात मुसलमानांवर सुडाचे भीषण हल्ले झाले. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घेतले. बाकीचे गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. संस्थानभरातील मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. तो अहवाल अनेक दशके दप्तरात पडून राहिला. ज्यांनी रझाकारांचे अत्याचार सोसले त्यांचे दुःख याने कमी होत नाही. पण नाक्याच्या अलीकडे सर्वांच्या बरोबरीने मिठाविना राहिलेला गरीब मुसलमान त्या सप्टेंबरात पुन्हा एकदा भरडला गेला, हेही तितकेच खरे.

कोंडीचा भार असा सामान्यांवर पडणे जगात आजही घडते. सायप्रस बेटाची १९७४ मध्ये दोन तुकड्यांत वाटणी झाली. उत्तरेकडच्या तुर्की सायप्रियटांनी १९८३ मध्ये वेगळे राज्य जाहीर केले, त्याला तुर्कस्तानखेरीज कुणी मान्यता दिली नाही. सुरक्षा परिषदेने व्यापारबंदीचा ठराव केलेला नाही, फक्त मान्यता देऊ नका असे म्हटले. पण १९९४ मध्ये युरोपीय न्यायालयाने तिथल्या अधिकाऱ्यांची प्रमाणपत्रे ग्राह्य नाहीत असा निकाल दिला आणि तिथल्या संत्री-लिंबांना व बटाट्यांना युरोपची बाजारपेठ दुरापास्त झाली. उत्तरेतून थेट आंतरराष्ट्रीय विमान नाही, सगळे तुर्कस्तानमार्गे. बंदी कुणी नाव घेऊन घातली नाही, तरी बागाईतदाराच्या बांधापर्यंत ती पोचली. २००४ मध्ये एकीकरणाच्या योजनेला तुर्की सायप्रियटांनी सुमारे ६५ टक्के होकार दिला. ग्रीक सायप्रियटांनी नकार दिला आणि कोंडी तशीच राहिली. आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे. भारताने १९५५ नंतर गोव्याची आर्थिक कोंडी केली तेव्हा बटाटे हॉलंडहून आणि सिमेंट जपानहून आले, कारण मार्मागोवा बंदर उघडे होते. समुद्र असलेल्याला पर्याय असतो. उस्मानाबादला असा पर्याय कुठून असणार?

सीमा गेली, तरी तिच्या खुणा रेंगाळल्या. हाली शिक्का १९४८ नंतरही काही वर्षे चालत होता. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हा कुठे बार्शी आणि धाराशिव एका राज्यात आले. त्या दिवसापर्यंत येडशीहून बार्शीला जाणे म्हणजे परमुलखात जाणे होते.

नाकेबंदीच्या त्या दहा महिन्यांत मिठाचा भाव काय झाला, घासलेट कुठून आले, कोणत्या गावाला कोणत्या गावाने पायली दिली, याची नोंद स्वातंत्र्यसैनिकांच्या चरित्रांत सापडत नाही, आणि सापडणारही नाही, कारण ती त्यांची कामे नव्हती. ती सापडेल दुकानाच्या कीर्द-खतावणीत. हैदराबादचे १३५७ फसली साल ऑक्टोबर १९४७ पासून पुढच्या ऑक्टोबरपर्यंतचे, म्हणजे जवळजवळ नेमके नाकेबंदीचे वर्ष. लातूर, ढोकी, कळंब, परंडा, बार्शी, वैराग इथल्या जुन्या अडत दुकानांच्या माळ्यावर त्या सालच्या वह्या असतील, काही मोडीत, काही उर्दूत. तेव्हा कळते झालेले लोक आज नव्वदीच्या आसपास आहेत, त्यांचे बोलणे लिहून घ्यायला फार वेळ उरलेला नाही. तुमच्या घरी १३५७ ची वही असेल तर ती रद्दीत घालू नका. तिचे फोटो काढा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे द्या. घरात आजी असेल तर तिला रझाकारांबद्दल विचारा, आणि त्या साली मीठ कुठून आणले तेही विचारा.