जुनी चामोटी

आजोबांच्या पेटीत वस्तरा सापडला की त्याचे घरभर कौतुक होते. त्याच्याशेजारी पडलेला काळवंडलेला चामडी पट्टा मात्र केरात जातो. हा निव्वळ अन्याय आहे. वस्तरा शेफिल्डचा असो वा झोलिंगेनचा, दाढीला बसण्याजोगी मृदू धार त्याला येते ती या चामोटीवर. निसणा पोलाद झिजवतो. चामोटी धारेची सूक्ष्म वळलेली कड सरळ करते. म्हणूनच वस्तरा पाठ पुढे व धार मागे ठेवून ओढावयाचा आणि टोकाला पोचल्यावर पाठीवरच उलटावयाचा. हा नियम चुकलेल्या हातांच्या खुणा बहुतेक जुन्या चामोट्यांवर आडव्या चिरांच्या रूपाने दिसतात.

आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरतेच. मग गृहस्थ पट्टा उन्हात घालतात आणि कडक होऊन तडकलेले चामडे उचलून आणतात. बुरशी बाहेर नेऊन कोरड्या ब्रशाने झाडावी, सौम्य साबणाच्या ओलसर फडक्याने पुसावे आणि एकदोन दिवस सावलीत, वाऱ्यावर टांगावे. भिजत घालणे तर नकोच. नंतर बारीक पॉलिशकागद सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून हलक्या हाताने लांबीच्या दिशेने फिरवावा. चिरेची वर आलेली कड बसली म्हणजे पुरे. चीर नाहीशी करण्याच्या हट्टाने चामडेच संपते.

खरी कसोटी तेलाची. आपला हात खोबरेलाच्या बाटलीकडे आपसूक जातो, तो आवरावा. तेल प्यायलेला पट्टा लिबलिबीत होतो, ओढताना दबतो आणि धार गोल करतो. त्यापेक्षा तळहात बरा. रोज थोडा वेळ रेटून चोळल्यास हाताची ऊब व स्निग्धता चामड्याला पुरते. तांबूस भुकटी होऊन झडणाऱ्या पट्ट्याला मात्र इलाज नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. 1986 साली एड्सच्या विषाणूची आपल्या देशात प्रथम नोंद झाली. पुढे सलूनमध्ये एकदाच वापरावयाचे पाते रूढ झाले, हे योग्यच झाले. चामडे उकळून निर्जंतुक करता येत नाही. तेव्हा दुरुस्त केलेली चामोटी एकाच वस्तऱ्याची आणि एकाच चेहऱ्याची असावी. गावात एखादे वयस्क नाभिक असतील तर पट्टा त्यांच्या हाती एकदा द्यावा. वस्तरा ओढताना होणाऱ्या आवाजावरून आणि हाताला लागणाऱ्या ओढीवरून चामडे सुधारले की नाही, हे ते सांगतील.