घर फिरतंय की मी?

सकाळी ९
पहिल्या पेशंट, साठीतल्या काकू. गळ्यात मानेचा पट्टा, पिशवीत तीन महिन्यांच्या चकरेच्या गोळ्या. ‘चक्कर’ म्हणजे नेमकं काय, हे मी आधी विचारतो. अंधारी येते, तोल जातो की घर फिरतं?
“उजव्या कुशीला वळलं की घर गरगरतं, डॉक्टर. मिनिटभरात थांबतं.”
अर्धं निदान इथंच झालं. मान ४५ अंश उजवीकडे वळवून त्यांना झटकन आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली.
“आई गं!” त्यांनी माझा दंड घट्ट धरला.
“डोळे मिटू नका, काकू.”
पाचेक सेकंद काहीच नाही. मग बुबुळं गोल थरथरू लागली आणि अर्ध्या मिनिटात शांत झाली. आतल्या कानातले कॅल्शियमचे कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरलेत. गोळीनं ते हलत नाहीत. डोकं हळूहळू डावीकडे, मग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, मग उठून बसायचं. अमेरिकेतल्या जॉन एप्लींनी १९९२मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत कण घरंगळवत जागेवर नेते.

११
बँकेतले गृहस्थ. कानात दडा, गुंईगुंई, ऐकू कमी आणि तासन् तास चक्कर. हा मेनिएरचा आजार. पापड-लोणचं बंद, बीटाहिस्टीन सुरू. नाहीच भागलं तर कानाच्या पडद्यातून स्टिरॉइडचं इंजेक्शन. जेंटामायसिन शेवटी, कारण ते तोलाचं इंद्रियच मारतं आणि ऐकण्यालाही धोका असतो.

१२.३०
पुढचे पेशंट. सकाळपासून अखंड चक्कर, जीभ जड, पाय टिकेना. मान झटक्यानं वळवली तरी यांची नजर माझ्या नाकावरून ढळत नाही. कान बिघडला असता तर ती ढळली असती. म्हणजे संशय मेंदूवर. चिठ्ठी लिहीत बसलो नाही, थेट ॲम्ब्युलन्स बोलावली.

दुपारी ४
तोलाच्या नसेला सूज आलेले तरुण शिक्षक. पहिले दोन-तीन दिवस दिलेली चक्कर दाबणारी गोळी मी बंद केली, तेव्हा ते रागावले होते. पण ती चालू ठेवली तर मेंदू तोल सावरायला शिकत नाही. आता अंगठ्यावर नजर रोखून मान डावी-उजवी, दिवसातून तीनदा. “गरगरतंय, सर!” गरगरायलाच हवं थोडं.

संध्याकाळी ६
काकू पुन्हा तपासायला आल्या. आडवं केलं, बुबुळं स्थिर. पट्टा पिशवीत गेलेला.
“गोळी नाही, इंजेक्शन नाही. औषध काय दिलं म्हणून सुनेला सांगू?”
“सांगा, डॉक्टरांनी उलटंसुलटं केलं.”