पार्किंगमधली ठोकर : दोष कोणाचा, दावा कुठे?

मीरा रोडच्या नया नगरात दाटीने उभ्या गाड्यांतून रिव्हर्स घेताना बंपर घासला, की गाडीमालक बहुधा आपल्याच पॉलिसीवर दावा लावतो. हे सोपे, पण महागात पडणारे. दोष समोरच्याचा असला तरी नो क्लेम बोनस जातो, आणि सलग 5 वर्षे दावा केला नसेल तर ही सवलत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपोटीच्या हप्त्यावर 50 टक्क्यांपर्यंत पोचलेली असते. म्हणून दोष कोणाचा, हे आधी पुराव्यानिशी ठरायला हवे. गाड्या हलवण्यापूर्वी चाकांची दिशा आणि दोन्ही नंबरप्लेट दिसतील असे फोटो काढावेत. सोसायटीचे सीसीटीव्ही चित्रण पुसले जाण्याआधी लेखी मागावे. दोष समोरच्याचा ठरला, तर भरपाईचा दावा त्याच्यावर व त्याच्या विमा कंपनीवर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लावता येतो. एवढ्याशा ओरखड्यासाठी तिथे कोण जाणार, हा आक्षेप रास्तच आहे. खर्च दोन-तीन हजारांचा असेल तर खिशातून देऊन बोनस राखणे शहाणपणाचे. पण आपल्याच कंपनीने दावा चुकीने नाकारला, तर गप्प बसू नये. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात दाद मिळाली नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. मात्र समोरच्याच्या कंपनीविरुद्धची तक्रार लोकपाल ऐकत नाही.