प्रोटेक्ट, डिफेंड, रेझिस्ट, विथस्टँड

मराठी विभागात इंग्रजी क्रियापदांवर लेख कशाला, असं कुणीही विचारेल. कारण सरळ आहे. आपण विचार मराठीत करतो, रिपोर्ट इंग्रजीत लिहितो आणि मधल्या मध्ये शब्द हरवतात. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे सबमिशनच्या आदल्या रात्री अख्ख्या विंगचे रिपोर्ट माझ्या कॉटवर येऊन पडतात. त्यात दरवर्षी एक वाक्य असतंच : ‘द फ्यूज डिफेंड्स द मोटर.’ फ्यूज काय तलवार घेऊन उभा आहे का?

घोळ होतो ‘संरक्षण’ या शब्दामुळे. डिफेन्स मिनिस्ट्री म्हणजेही संरक्षण मंत्रालय आणि प्रोटेक्शन म्हणजेही संरक्षण! प्रोटेक्ट या शब्दाचं लॅटिन मूळ ‘पुढून झाकणे’ असं आहे. हल्ला होवो न होवो, आवरण आहे. डिफेंडमध्ये समोर कुणीतरी चाल करून आलेला असतो. आपल्याकडे त्याला ‘बचाव’ हा नेमका शब्द आहे. कोर्टात बचाव पक्ष असतो, कबड्डीतही बचाव असतो. म्हणून प्रोजेक्ट एक्स्टर्नलपुढे डिफेंड करायचा आणि जर्नल पावसापासून प्रोटेक्ट करायचं. गार्ड म्हणजे राखण, आपले वॉचमनकाका करतात ती.

प्रोटेक्ट दिसलं की लगेच दोन प्रश्न विचारा : कुणाला, आणि कशापासून? हे नुसतं व्याकरण नाही. खोलीत एमसीबी आहे, म्हणजे प्रोटेक्शन आहे, असं सगळे म्हणतात. पण १६ अँपिअरची एमसीबी वायरिंगला जास्त करंटपासून वाचवते, तुम्हाला शॉकपासून नाही. माणसाच्या अंगातून ३० मिलिअँपिअर करंट गेला तरी जिवावर बेतू शकतं आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. फेज आणि न्यूट्रलमधल्या करंटचा फरक ओळखून ट्रिप होते ती आरसीसीबी, आणि माणसासाठी ती ३० मिलिअँपिअरची लागते. बादलीत हीटर रॉड सोडून ‘पाणी तापलं का’ म्हणून बोट बुडवणाऱ्यांनी आधी स्विच बंद करावा, मग पुढचं वाचावं.

आता रेझिस्ट आणि विथस्टँड. जुन्या इंग्रजीत ‘विथ’चा अर्थ ‘विरुद्ध’ असा होता. ‘फाइट विथ’मध्ये तो अजून शिल्लक आहे, आपण ‘त्याच्याशी भांडलो’ म्हणतो तसाच. विथस्टँड म्हणजे मारा सोसून शेवटी उभं राहणं. त्यामुळे तिथे किती आणि किती वेळ, हे सांगावं लागतं. ११ केव्ही स्विचगिअरची विथस्टँड टेस्ट २८ केव्हीला एक मिनिट असते. रेझिस्ट म्हणजे विरोध करत राहणं. शेवटी टिकेलच असा शब्द त्यात नाही. घड्याळावर ‘वॉटर रेझिस्टंट ३० मीटर’ लिहिलं असलं तरी ते घालून पोहायला जाऊ नये. तो आकडा स्थिर दाबाच्या चाचणीचा असतो. हात धुताना उडणारं पाणी चालेल, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. उलट फोनवरचं आयपी ६७ बघा : एक मीटर पाणी, तीस मिनिटं. हिशेब स्पष्ट.

मोह मात्र रेझिस्टच करायचा असतो. मेसच्या उपासानंतर वडापाव ‘विथस्टँड’ होत नाही असं कुणी म्हणत नाही. आणि या दोन्ही शब्दांपुढे ‘अगेन्स्ट’ लावायचं नाही. विरोध शब्दाच्या पोटातच आहे, पुन्हा कशाला?

राहिला ओपोज. लेंझच्या नियमात इंड्यूस्ड करंट फ्लक्सच्या बदलाला ओपोज करतो, म्हणजे उलट दिशेने जोर लावतो. तिथे रेझिस्ट लिहिलंत तर व्हायवात पुढचा प्रश्न रेझिस्टन्सवर येणार. उत्तर तयार ठेवा : कॉइलचा रेझिस्टन्स शून्य धरला तरी लेंझचा नियम लागू होतोच.