गळ्याखालचे आडवे केस आणि दाढीच्या पुळ्या

सिक्युरिटीत, हॉटेलात किंवा बसवर ड्युटी करणाऱ्या आपल्या मुलांना रोज दाढी करूनच कामावर उभे राहावे लागते. त्यातल्या बऱ्याच जणांच्या जबड्याखाली लाल पुळ्या उठलेल्या दिसतात. गालावरची दाढी नीट निघते, पण गळ्यावर चार-चार वेळा ब्लेड फिरवले तरी खुंट हाताला लागतातच. मग जोर देऊन उलटा हात मारला जातो, रक्त येते आणि दुसऱ्या दिवशी पुळी तयार होते.

दोष ब्लेडचा असतोच असे नाही. गळ्यावरचे केस सरळ उभे न वाढता कातडीला चिकटून, आडवे झोपल्यासारखे वाढतात. कोणाचे खाली, कोणाचे कानाकडे, तर कोणाचे चक्क वर हनुवटीकडे. ब्लेड अशा केसांवरून नुसते घसरत जाते. कातडी ताणून, उलट्या दिशेने कापले तर केस तिरपा, टोकदार कापला जातो आणि कातडी सोडताच आत ओढला जातो. वाढताना तेच टोक कातडीत घुसते. केस कुरळे असतील तर हा त्रास जास्त.

म्हणून आधी आपला केस कुठे झोपतो ते पाहावे. दोन दिवस दाढी करू नका आणि गळ्यावरून चारही बाजूंनी बोट फिरवा. जिकडे बोट गुळगुळीत जाते ती केसाची दिशा, जिकडे खरखर लागते ती उलटी. डाव्या आणि उजव्या बाजूला ती वेगळी असू शकते. एकदा कळली की जन्माचे काम झाले.

खरी मेहनत ब्लेड लावायच्या आधीची आहे. कोरडा केस राठ असतो. पाणी प्यायला की फुगतो, मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो. त्याला दोन-तीन मिनिटे तरी लागतात. त्यामुळे दाढी आंघोळीनंतर करावी, आधी नव्हे. नळाला पाणी कमी असेल तर एक तांब्या कोमट पाणी पुरते: साबणाने गळ्यावरचा घाम आणि तेलकटपणा धुवा, मग त्या पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ रुमाल गळ्यावर धरून ठेवा. पाणी सोसवेल इतकेच गरम हवे.

पुढचे काम ब्रशचे. क्रीम नुसते हाताने फासले तर झोपलेला केस झोपलेलाच राहतो. ओल्या ब्रशने गोल गोल फिरवत फेस केला की केस उचलला जातो आणि फेस त्याच्या मुळापर्यंत जातो. केसाच्या उलट्या दिशेनेही ब्रश फिरवावा. उलटा हात ब्रशने मारायचा, ब्लेडने नाही. ब्रश नसेल तर मऊ टूथब्रश त्यासाठी वेगळा ठेवा. बोअरच्या जड पाण्याला फेस धरत नाही, तिथे थोडे पिण्याचे पाणी वापरा. अंगाच्या साबणाचा फेस लवकर वाळतो, म्हणून दाढीचा साबण किंवा क्रीम बरे. फेस लावून मिनिटभर थांबा.

आता पहिला हात केसाच्या दिशेने, छोटा आणि हलका. कातडी ताणू नका, रेझर दाबू नका, दर वेळी ब्लेड पाण्यात धुवा. खुंट राहिले तर पुन्हा फेस लावून आडवा हात मारा आणि तिथेच थांबा. थोडी खरखर राहिलेली परवडते. पाच-सात दाढ्या झाल्या की ब्लेड बदला. शेवटी थंड पाणी.

गावात सलूनची पायरी आपल्याला बंद होती, तेव्हा दाढ्या आपसातच व्हायच्या आणि एकच वस्तरा अनेकांच्या गालावरून फिरायचा. आज घरातच बाप-लेक एक रेझर वापरतात. हे बंद करा. कावीळ बी आणि सी, तसेच एचआयव्ही रक्तातून पसरतात. कावीळ बीचा विषाणू तर वाळलेल्या रक्तातही सात दिवस जगू शकतो. सलूनमध्ये नवे ब्लेड डोळ्यांसमोर बसवायला सांगा, त्यात लाजायचे कारण नाही. सगळ्यांच्या तोंडावर फिरलेली तुरटीही नको; घरची स्वतःची न्या.

पुळ्या आधीच असतील तर त्या बसेपर्यंत दाढी बंद ठेवा किंवा ट्रिमरने केस बारीक करा. सुईने, नखाने कोरू नका, काळे डाग राहतात. मेडिकलवाल्याने दिलेली स्टिरॉइडची ट्यूब आठवड्यात लाली घालवते, पण लावत राहिले की कातडी पातळ होते आणि सोडली की पुळ्या जोरात उठतात. पू होत असेल, सूज पसरत असेल, ताप असेल किंवा साखरेचा आजार असेल, तर सरकारी दवाखान्यात त्वचारोगाच्या ओपीडीत दाखवा. रोजच्या दाढीची सक्ती असणाऱ्यांनी तिथल्या डॉक्टरांकडून काही दिवस दाढी न करण्याची चिठ्ठी मागावी आणि ती सुपरवायझरला द्यावी.